खंडेनवमीला न पुजलेलं यंत्र

१९९५ साली मी सत्तावन्न वर्षांचा होतो. त्या वर्षी खंडेनवमीच्या दिवशी मी एका माणसाला माझ्या दारातून परत पाठवायला निघालो होतो. ज्याच्या आवाजासमोर मी बावीस वर्षं बसलो, तोच तो माणूस.

मी कोण ते आधी सांगतो. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं मराठी घर. माझं शिक्षण पाचवीपर्यंत, तेही तमिळ शाळेत. देवनागरी बापाने पाटीवर गिरवून घेतली, म्हणून हे लिहू शकतो. मुलगा म्हणाला, अप्पा, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. त्याला आपली भाषा बोलता येते, वाचता येत नाही, तो काय लिहून घेणार? चुका असतील तर असोत. माझ्या आहेत.

माझा धंदा लाउडस्पीकरचा. लग्न, देवळाचा उत्सव, निवडणूक, मयत, जिथे आवाज लागेल तिथे मी भोंगे बांधायचो. पुढे रस्त्यालगतच्या खोलीच्या भिंतींना काथ्याच्या चटया आणि जुन्या गोधड्या ठोकून मी रेकॉर्डिंगची खोली केली. शिकलो कुणाकडे? कुणाकडेच नाही. एक स्पूलचं यंत्र आणलं, उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा बंद केलं तेव्हा मला ते कळलेलं होतं.

त्या खोलीत अय्या आले. गावात त्यांना सगळे अय्याच म्हणत, त्यांच्या ख्रिस्ती देवळात येणारे आणि न येणारेही. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. त्यांचे वडील पापनाशमच्या बाजूला खेडोपाडी पायी फिरून ख्रिस्ताची गोष्ट सांगणारे उपदेशक होते, पावसाळ्यात चपला हातात घेऊन बांधावरून चालणारे. अय्या पहिल्यांदा माझ्याकडे आले ते भोंगा भाड्याने मागायला, सायकलवरून. पंधरा दिवसांनी भोंगा परत आणून ठेवला आणि म्हणाले, हा ओरडतो, मला बोलायचं आहे. मला राग आला होता. माझ्या भोंग्याला तोवर कुणी नावं ठेवली नव्हती.

मग समुद्रापलीकडच्या एका रेडिओ स्टेशनने त्यांना आठवड्यातून एक दिवस, पहाटेची पंधरा मिनिटं दिली. त्यातली चौदा मिनिटं त्यांच्या बोलण्याची. ती ते माझ्या खोलीत बोलत, दर गुरुवारी दुपारी. हातात कागद नसायचा. पहिल्या गुरुवारी दोनदा अडखळले, थांबले, आणि मला म्हणाले, राव, तुम्ही त्या यंत्रामागे नका बसू, माझ्यासमोर बसा. मला एक तोंड लागतं. म्हणून मी लांब वायर जोडून यंत्र बाजूला सरकवलं आणि समोर बसलो. पुढची बावीस वर्षं ते जगाशी बोलले ते माझ्या तोंडाकडे बघून. मी हिंदू, कपाळाला गंध लावलेला. त्यांनी मला एकदाही आमच्यात या म्हटलं नाही. मीही त्यांना कधी प्रसाद घ्या म्हटलं नाही, कारण देवापुढे ठेवलेलं ते खात नसत. हा त्यांचा नियम. माझ्या बायकोने त्यावर आपला मार्ग काढला होता. नवरात्रात ती हरभऱ्याचं सुंडल, म्हणजे कोरडी उसळ, दोन पातेल्यांत करी. एक देवासाठी, एक अय्यांसाठी. दुसरं पातेलं देवघराच्या उंबऱ्याआत जायचंच नाही. अय्या ते वाटीभर खात आणि म्हणत, अम्मा, तुमच्या देवाला कळलं का मला वेगळं वाढता ते? ती म्हणे, त्याला सांगूनच करते.

टपालाने त्यांना पत्रं यायची. चहामळ्यातल्या बायकांची, आखाती देशात काम करणाऱ्यांची, एकदा तुरुंगातून. प्रत्येकाला ते स्वतः पोस्टकार्ड लिहीत. पुढे जिल्ह्यातल्या त्यांच्या सगळ्या देवळांचे ते प्रमुख निवडले गेले, तरी सायकल सुटली नाही. प्रमुख झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते देवळातली बाकं काढून टाकण्याचं. कोणत्या जातीने कोणत्या बाकावर बसायचं हे तिथे पिढ्यानपिढ्या ठरलेलं होतं. त्यांनी बाकं विकली आणि चटया अंथरल्या, कुणीही कुठेही बसा म्हणाले. मोठ्या घरचे लोक दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. ह्या दोन वर्षांत त्यांचा रेडिओवरचा आवाज तसूभरही चढला नाही. मला हे ठाऊक, कारण यंत्रावरची आवाजाची सुई माझ्या नजरेत असायची.

हट्टी माणूस. मी स्वतः हट्टी, म्हणून मला दुसऱ्यातला हट्ट लगेच ओळखू येतो. एकदा एका शनिवारी माझ्या हातून त्यांची टेप खराब झाली. सोमवारच्या टपालात ती जायलाच हवी होती. मी त्यांच्या घरी गेलो, म्हटलं, उद्या रविवारी दुपारी पाव तास या. ते म्हणाले, रविवारी नाही. मी म्हटलं, तुमच्याच देवाचं काम आहे. म्हणाले, म्हणूनच नाही. त्या आठवड्यात त्यांच्या पंधरा मिनिटांत स्टेशनने नुसती बाजाची पेटी वाजवली. मी गल्लीभर त्यांना शिव्या देत फिरलो, आणि घरी येऊन बायकोला म्हटलं, माणूस असावा तर असा.

नंतर दिवस बदलले. घराघरावर केबलच्या वायरी आल्या. गांधी रस्त्यावरच्या दुकानांत जपानी यंत्रं उघड्यावर मिळू लागली, पूर्वी ती कुणीतरी सिंगापूरहून चोरून आणायची. मीही एक नवं यंत्र घेतलं, दोन कॅसेटींचं, काळं, चकचकीत. स्टेशनलाही आता स्पूल चालत नसे, कॅसेटच लागे. जुनं स्पूलचं यंत्र मी माळ्यावर टाकलं. अय्यांच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या देवळांच्या संस्थेतही, नवे उपदेशक आले, की-बोर्ड वाजवत बोलणारे. टीव्हीवर या म्हणून मंडळीने अय्यांनाही एकदा मद्रासला नेलं, तोंडाला पावडर लावली. परत आल्यावर मला म्हणाले, समोर एकही तोंड नव्हतं हो, नुसता दिवा. पुन्हा गेले नाहीत.

९५च्या उन्हाळ्यात त्यांचा घसा बसला. सगळ्यांना वाटलं उन्हाने. मला वाटलं नाही. गुरुवारमागून गुरुवार आवाजाला भेग पडत चालली होती, आणि ती इतक्या जवळून ऐकणारा मी एकटा. आवणीत, म्हणजे श्रावणाच्या सुमारास, मी त्यांना म्हटलं, डॉक्टरला दाखवा. दाखवलं. घशात गाठ निघाली. आवाजाची पेटीच काढावी लागेल असं डॉक्टर म्हणाले, तारीख दिवाळीनंतरची मिळाली.

आता खंडेनवमीचं सांगतो. तमिळ लोक तिला आयुध पूजा म्हणतात, पण रीत एकच. ज्याचं पोट ज्या हत्यारावर त्याने ते पुजायचं. आदल्या दिवशी सगळी यंत्रं मी स्वतः पुसतो, सकाळी गंधकुंकू लावतो, फुलं वाहतो, आणि मग दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाही. मग मंत्री मरो की लग्न असो. ही रीत माझ्या बापाने मोडली नाही, मी मोडली नाही. भिंतीवरच्या घड्याळालाही गंधाचं बोट लावलेलं असे, कारण रेकॉर्डिंगच्या खोलीत तेही माझ्या कामाचंच.

त्या दुपारी चार वाजता गल्लीत ऑटो थांबली. पुढे केळीचे खुंट बांधलेली, काचेवर कुंकू. तिच्यातून अय्या उतरले, हातात कापडी पिशवी. मी उभाच राहिलो. रस्त्यावर दुकानदार दृष्ट काढून कुंकू भरलेले कोहळे फोडत होते, त्या लाल फोडी चुकवत ते माझ्या पायरीपर्यंत आले. त्यांचा आवाज आता नुसती हवा झाला होता. मद्रासहून फोन आला होता की इस्पितळात खाट रिकामी झाली आहे, आजच निघा, परवा कापायचं. आठची गाडी होती. गुरुवार येणार नव्हता.

आणि दुसरंही सांगितलं. मंडळीच्या कमिटीने ठरवलं होतं की पुढच्या आठवड्यापासून एक तरुण उपदेशक बोलेल, आणि सुरुवातीला एक ओळ सांगेल की अय्या निवृत्त झाले. अय्यांना ते नको होतं. ते म्हणाले, राव, जी बाई तीस मैलांवर चूल पेटवता पेटवता बावीस वर्षं माझं ऐकते, तिला वाटेल मी कंटाळून निघून गेलो. मला तिला स्वतः सांगायचं आहे. ह्याच गळ्याने. आज नाही तर कधी नाही.

मी दारात उभा. माझ्यामागे टेबलावर नवं यंत्र, माइक, तारांचं भेंडोळं, सगळ्यावर गंध, कुंकू आणि शेवंती. अय्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. आजाराच्या धांदलीत त्यांना दिवस कोणता हेच सुचलं नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर मला दिसलं. बावीस वर्षं ते माझं तोंड वाचत होते, मी काय त्यांचं वाचत नव्हतो?

"आज तुमची पूजा आहे," ते म्हणाले.

"उद्या सकाळी सातला उचलतो, अय्या. सातच्या पुढे एक मिनिट नाही."

"उद्या सातला मी मद्रासला असेन."

 त्यांनी मागितलं नाही. मागितलं असतं तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला आजही विचारतो. ते एवढंच म्हणाले, "त्या रविवारी मी तुम्हाला नाही म्हटलं होतं. तुम्ही आज हो म्हणालात तर मला फार जड जाईल." आणि पिशवी उचलली.

तेवढ्यात आतून बायको आली, हातात सुंडलाची वाटी, वेगळ्या पातेल्यातली. सगळं तिने ऐकलेलं होतं. वाटी अय्यांना दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माळ्यावरच्याला कुठे गंध लावलंय ह्यांनी?"

मला आधी कळलंच नाही.

"सकाळीच म्हटलं होतं मी, त्यालाही खाली आणा. तर म्हणे, मेलेल्या यंत्राची पूजा करत नाहीत. वीस वर्षं त्याने घर चालवलं, आणि एक बोट गंध लावायला ह्यांचा हात जड झाला. आता बसा." मग अय्यांना म्हणाली, "ते पूजेत नाही, अय्या. तुमच्या सुंडलासारखं, बाहेरच राहिलंय."

खरं होतं. सकाळी मी तसं बोललो होतो, आणि नव्या यंत्राच्या तोऱ्यात बोललो होतो. आता त्याच चुकीमुळे वाट निघत होती, आणि ही बाई ती चूक तिसऱ्या माणसासमोर माझ्या पदरात घालत होती. सत्तावन्नाव्या वर्षी मी शिडी लावून माळ्यावर चढलो. कोळ्याची जाळी काढली. यंत्र खाली आणलं, मोठ्या ट्रंकेएवढं जड. त्याचा जुना माइक त्याच्याच खोक्यात होता. त्यालाही कुंकू लागलेलं नव्हतं. एक स्पूल होतं, कुठल्याशा लग्नातल्या नादस्वराचं, ते चढवलं. मोटरचा पट्टा सैल झाला होता, पण फिरलं. दुरुस्त करत बसायला पेचकसही नव्हता, तो पूजेत होता. माझी बोटं चालली तेवढं केलं. तोवर पावणेसहा झाले.

एरवी रेकॉर्डिंगआधी मी घड्याळाचा लंबक धरून थांबवायचो. त्या दिवशी हात वर गेला आणि तसाच खाली आला. घड्याळावर गंधाचं बोट होतं.

"चालू राहू दे," अय्या म्हणाले. "खोकला आला तर तोही कापू नका. जसा आहे तसा जाऊ दे."

मी समोर बसलो. ते बोलू लागले. बाहेर कोहळे फुटत होते, गोधड्यांमधूनही धप्प ऐकू येत होतं. मी त्यांचं सगळं बोलणं इथे लिहिणार नाही, ते माझं नाही. त्यांनी सांगितलं की त्यांचा आवाज आता जाणार आहे, कुठे आणि कसा. सांगितलं की कुणी म्हणालं मी थकून सोडून गेलो, तर मानू नका. मध्येच घड्याळाने सहाचे टोले दिले. अय्या थांबले. सहा टोले होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्याकडे पहाट असेल, आमच्याकडे दिवेलागण झाली आहे," आणि पुढे गेले. ह्या वाक्याला मी मान खाली घातली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांना तोंड हवं होतं आणि मी ते काढून घेतलं, क्षणभरच, पण घेतलं.

संपलं तेव्हा वाटीत अर्धं सुंडल तसंच होतं. गिळता येत नव्हतं त्यांना. म्हणाले, सकाळी नऊला माझा जावई येईल, कॅसेट त्याच्याकडे द्या, त्याच्या ओळखीचा माणूस दुपारच्या विमानाने पलीकडे जातो आहे, कमिटीच्या हाती पडण्याआधी ती पोचेल. बायकोला हात जोडले. माझा हात हातात घेतला आणि निघाले. त्यांच्या तोंडून मी पुन्हा कधी शब्द ऐकला नाही. नंतर चार वर्षं जगले ते, पाटीवर लिहून बोलत.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी पाचला उठलो. आंघोळ केली, सातला उत्तरपूजा करून नवं यंत्र जरासं हलवलं, आणि स्पूलवरचं कॅसेटवर उतरवायला जुन्या यंत्राची वायर त्यात जोडली. स्पूल लावलं. आणि हबकलो.

आवाज अय्यांचाच, पण वीस वर्षांपूर्वीचा. भरभर, वरच्या पट्टीत, भेगा जवळजवळ बुजलेल्या. सायकलवरून भोंगा परत करायला आले होते तेव्हाचा. कारण कळायला मला वेळ लागला नाही. आदल्या संध्याकाळी सगळ्या गावाने दुकानांवर, वर्कशॉपांवर रोषणाई केलेली, वीज पार उतरलेली. जुन्या यंत्राची मोटर मंद फिरली होती, बोलणं थोड्याच फितीत मावलं होतं. आता सकाळी वीज भरपूर, यंत्र जोरात फिरत होतं, म्हणून माणूस तरुण झाला होता.

बायको ओले केस बांधत दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांना पदर लावला. "असाच पाठवा," ती म्हणाली. "लोकांना असाच आठवू दे."

मी पूर्ण एकदा ऐकलं. खोटं सांगत नाही, मलाही तसंच वाटलं. चौदा मिनिटांचं बोलणं बारा मिनिटांत संपलं. कमिटीच्या त्या तरुण पोरापेक्षा हा आवाज खणखणीत होता. पण ज्याचा आवाज इतका धडधाकट, तो निरोप कशाला घेतो आहे, असं त्या चूल पेटवणाऱ्या बाईने विचारलं असतं तर? ह्याच गळ्याने, असं ते म्हणाले होते. जसा आहे तसा.

बायकोला म्हटलं, "नाही." ती रागाने आत गेली.

मग मी जुन्या यंत्राचं झाकण काढलं. आत पट्ट्यावर फिरणारं जड चाक असतं. त्याच्या कडेला मी उजवा अंगठा टेकवला आणि हळूहळू दाबत गेलो. आवाज खाली उतरत आला. किती उतरवायचा हे ठरवायला माझ्याकडे घड्याळ होतं. टेपमध्ये अय्यांच्या मागे कालची टिकटिक ऐकू येत होती, तेच घड्याळ आता भिंतीवर टिकटिकत होतं. एका कानाला हेडफोन लावला, दुसरा उघडा ठेवला. कालचं घड्याळ आणि आजचं घड्याळ एकाच पावलाने चालू लागलं तेव्हा नव्या यंत्राचं बटण डाव्या हाताने दाबलं. अंगठा तिथेच ठेवून मी चौदा मिनिटं बसलो. भेगा परत आल्या, खोकला परत आला, धाप परत आली. सहाचे टोले पडले. मधे अंगठा पोळला, पण काढला असता तर म्हातारा माणूस एका शब्दात तरुण झाला असता. काढला नाही.

नऊला जावई आला. त्याला कॅसेट दिली, वर अय्यांच्या नावाऐवजी नुसतं गुरुवार लिहिलं, स्टेशनला तेवढं कळायचं. तो गेल्यावर मी सहाणेवर गंध उगाळलं आणि जुन्या यंत्राला पाच बोटं लावली, खंडेनवमी उलटून गेली होती तरी. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. तिने फुलांची परडी पुढे सरकवली. फूल वाहून मी ते यंत्र उचललं आणि टेबलावर नव्याच्या शेजारी ठेवलं.

मग लंबक तसाच चालू ठेवून खोलीचं दार लावून घेतलं.